तीन धुरांड्यांची क्रूझर

१२ जानेवारी

दातांचं सामान पुरवणाऱ्याने यंदाही लॅबमध्ये प्रत्येकाला एकेक डायरी वाटली. मुखपृष्ठावर भलीमोठी सोनेरी दाढ. दरवर्षी मी ती किराणा लिहायला वापरते, यंदा स्वतःसाठी ठेवली. घरात बोलायला माणूस असताना डायरी कशाला हवी, असं मी पूर्वी म्हणायचे. माणूस आहे, पण बोलणं गेलं.

ऑक्टोबरात ह्यांना झटका आला. पाय सावरला, काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. उजवा हात मात्र दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा मांडीवर असतो. तोंडात एकच वाक्य उरलं आहे, "असू दे." चहा हवा का? असू दे. खिडकी लावू? असू दे. तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले ह्यांनी. नदी काढायची तर एका दमात काढायचे, मध्ये पेन उचलायचे नाहीत. तोच हात आहे हा.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई काल मला दाराशी गाठून म्हणाल्या, "पहिल्या सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं. एप्रिलपर्यंत हात रिकामा ठेवू नका. हात रिकामा राहिला की माणूसही रिकामा होत जातो." ऐकून आधी मला त्यांचा राग आला, मग भीती वाटली. भीती अजून गेलेली नाही.

१४ जानेवारी

ह्यांची मोठी बहीण, म्हणजे आक्का, रोज दुपारी आमच्याकडे येतात, ह्यांना जेवायला वाढतात आणि एकला घरी जातात. जेवणाबरोबर सल्लेही असतात, ते मला चिठ्ठीवर लिहून ठेवतात. आज त्यांनी पाव कुठल्याशा जुन्या मासिकाच्या पानात गुंडाळून आणला होता. संध्याकाळी मी तो कागद टाकायला निघाले तर ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

कागदावर युद्धाच्या काळातल्या जहाजाचं चित्र होतं. ह्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि मग तीन बोटं दाखवली. मला कळेना. तीन काय? तीन वाजले? तीन पाव? बिचारे तीन बोटं धरून बसून राहिले आणि कपडे वाळत घालताना मला अचानक आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी सांगितलं होतं. अकरा वर्षांचे असताना वडिलांनी एका युद्धनौकेचं, क्रूझरचं, किट आणून दिलं होतं, सुटे तुकडे चिकटवून बांधायचं. क्रूझर तीन धुरांड्यांची. दोन धुरांडी बसवून झाली आणि घर बदललं. त्या सामानात खोका हरवला. "तिसरं राहिलं," असं सांगून हसायचे. पुढे आयुष्यात काहीही अर्धवट राहिलं की आम्ही दोघं तेच म्हणायचो.

"तिसरं राहिलं, तेच ना?" मी विचारलं. ह्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या.

ठरलं. ती क्रूझर मी शोधून आणणार.

१७ जानेवारी

बाजारातला खेळणीवाला माझ्याकडे बघून हसला. "बाई, जहाजं आता कोण करतं? गाड्या न्या, विमानं न्या." मी म्हटलं, क्रूझर पाहिजे, तीन धुरांडी. त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे असं बघितलं की मला तिथेच विरघळून जावंसं वाटलं. निघताना मात्र म्हणाला, "पुलापलीकडे कुलपं दुरुस्त करणारे एक म्हातारे आहेत. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. त्यांच्याकडे नसेल तर कुठेच नसेल."

येताना पुलावर उगाच थांबले. खाली पाणी करडं होतं आणि आभाळही करडं, दोन्हींच्या मधली रेघ दिसेना. माझं वय अठ्ठावन्न, जन्मात कधी जहाजात बसले नाही. तरी वाटलं की आत्ता पुलाखालून ती हळूच निघेल, तीन धुरांडी एकामागे एक, आणि कुणाला काही आवाज येणार नाही. बस चुकली.

२१ जानेवारी

कप्तानांना बोटीत मळमळतं. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. खाली कुलपांचं दुकान आणि वर एक खोली, जमिनीपासून छतापर्यंत खोके. प्रत्येकावर उसळलेला समुद्र आणि एक जहाज. खोलीत उभं राहिलं की आपणच डुलायला लागतो.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बांधणार की ठेवणार?"

मला अर्थ कळला नाही. मग त्यांनी समजावलं की किटवाल्यांत दोन जाती. एक बांधणारे, दुसरे खोका न फोडता जपून ठेवणारे. ठेवणारे खोक्याचा वास घेतात, आतले तुकडे मोजतात आणि पुन्हा बंद करतात. ते स्वतः ठेवणारे. पण विकतात मात्र फक्त बांधणाऱ्याला. "माझ्या हातून फुटत नाहीत," म्हणाले, "दुसऱ्याच्या हातून तरी फुटू देत."

तीन धुरांड्यांची आहे त्यांच्याकडे. सगळ्यात वरच्या फळीवर, अजून सीलबंद. साचा मोडून जमाना झाला, आता असली निघत नाही. मी हात पुढे केला तर त्यांनी शिडीच काढून घेतली. "तुम्ही आधी काय बांधलंय?" मी म्हटलं, कवळ्या. चौतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. म्हाताऱ्याने थोडा विचार केला आणि खालच्या फळीवरून लहानसा खोका काढून दिला. दोन धुरांड्यांची, छोटी क्रूझर. "ही बांधून आणा. बघतो. मग वरची."

दुधाची तहान ताकावर. पण घेऊन आले.

२३ जानेवारी

खिडकीशी ह्यांची खुर्ची आहे, तिथून चार पावलांवर जेवणाचं टेबल. टेबलाच्या अर्ध्या भागावर आता बंदर. प्लास्टिकच्या चौकटींना शेकडो तुकडे लटकलेले आहेत, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. लॅबमधून जुनी कानस, चिमटा आणि भिंगाचा दिवा आणला. सकाळी सहा ते आठ मी बसते, मग आवरून लॅबला पळते. आज सांगाड्याचे दोन भाग जोडले. ह्यांना म्हटलं, "बघा तरी." माझ्याकडे न बघता, "असू दे."

२९ जानेवारी

तोफांचे मनोरे सकाळी चिकटवले. संध्याकाळी बघते तर चारही तोफांची तोंडं एका रेषेत, अगदी फूटपट्टीने लावावी तशी. सकाळी घाईत एवढं नीट कधी केलं कोण जाणे. हात चौतीस वर्षांचा आहे, डोकं झोपेत असलं तरी तो आपलं काम करत असणार.

खिडकी सताड उघडी होती. ह्यांना वारा लागतो म्हणून मी आक्कांना फोन करून बोलले. त्या म्हणाल्या, "मी कशाला उघडू? मी निघाले तेव्हा तो घोरत होता."

३ फेब्रुवारी

लॅबमध्ये दाढा घासताना तंद्री लागली. खालच्या पटाशीचे दात म्हणजे डेकवर उभी राहिलेली माणसं, असं दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी हाक मारली तेव्हा भानावर आले. त्यांच्या हातात एक कवळी होती. "ही कोणी घासली?" मी भिंगाखाली धरली आणि सांगितलं, आपल्या डावऱ्याने. आमच्यातला एक जण डावखुरा आहे, त्याच्या कानशीच्या रेघा उलट्या कलतात. बाई म्हणाल्या, "तुझ्यापासून काही लपत नाही." मी दिवसभर हरभऱ्याच्या झाडावर.

६ फेब्रुवारी

चिमटा सापडेना. मी नेहमी उजव्या खणात ठेवते. सगळं घर पालथं घातलं, शेवटी डाव्या खणात मिळाला. दिवाही डावीकडे वळलेला होता. विसरायला लागले आहे की काय? ह्यांचं हे असं, आणि त्यात मी विसरभोळी झाले तर आमचं तारू कोण हाकणार? आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, पहिल्यापासून तुझं तेच आहे."

१० फेब्रुवारी

ह्यांच्या डाव्या अंगठ्याची त्वचा पांढरी पडून सोलवटते आहे. मलम लावलं. हात ओढून घेत होते.

१६ फेब्रुवारी

व्यायामाच्या बाई खूश आहेत. उजवी बोटं जराशी मिटू लागली. "काहीतरी धरून ठेवल्यासारखी मिटतात," म्हणाल्या, "काय देता त्यांच्या हातात?" मी अभिमानाने रबरी चेंडू दाखवला. बाईंनी चेंडूवर बोट फिरवलं, त्यावर धूळ होती. आक्कांनी पुसायला हवा ना.

आज पहिलं धुरांडं घासून ठेवलं. जोडाची रेघ राहिली होती, संध्याकाळी घासू म्हणून निघाले. परत आले तर रेघ नाही. मग मीच घासली असणार. भिंगाखाली बघितलं तर रेघा उलट्या कललेल्या. धुरांडं उलटं धरून घासलं असेल मी. मला हे फारच छान जमायला लागलंय, हे मात्र कबूल करायला हवं.

२५ फेब्रुवारी

स्वप्नात मी क्रूझरवर होते. सगळं करडं आणि सगळं जागच्या जागी. पुढे हे उभे होते, पाठमोरे, आणि समुद्रावर नकाशा काढत होते. पाण्यावर रेघ उमटायची आणि तशीच राहायची. मी हाक मारली नाही. हाक मारली तर रेघ पुसली जाईल, एवढं मला स्वप्नातही कळत होतं.

सकाळी उठून डोलकाठी लावली. वाकडी बसली, तशीच टाकून गेले. संध्याकाळी सरळ. प्लास्टिक वाळताना ताणलं जाऊन आपोआप सरळ होत असेल.

८ मार्च

बांधून झाली. रंगही दिला. आज ती बुटांच्या खोक्यात घालून कप्तानांकडे नेली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, केक आहे का?

कप्तानांनी भिंग लावलं आणि दहा मिनिटं जहाज फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "सुंदर. दोघांनी केलंय."

"दोघांनी नाही, मी एकटीने."

"बाई, मी कुलपं उघडतो. चावी एका माणसाने फिरवली की दोघांनी, ते आतल्या ओरखड्यांवरून कळतं. ह्यात एक हात पटकन काम उरकणारा आहे. दुसऱ्याला घाई नाही."

मला इतका राग आला की कान तापले. एवढं डोळे फोडून केलं आणि श्रेय कुणा दुसऱ्याला! पण त्यांनी शिडी लावली, वर चढले आणि तीन धुरांड्यांची खाली घेऊन आले. देताना खोका क्षणभर छातीशी धरला. "फोडाल ना?" मी म्हटलं, फोडीन. राग तिथल्या तिथे गेला. रस्ताभर मीही खोका तसाच धरून होते.

९ मार्च

ह्यांच्या मांडीवर खोका ठेवला. ह्यांनी डाव्या हाताने झाकणावरची लाट चाचपली, मग एकेक करून तिन्ही धुरांड्यांवरून बोट फिरवलं. बोलले नाहीत. "असू दे"सुद्धा नाही. मी सील कापलं.

आतला पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद, म्हणजे निशाणं आणि आकडे, चहासारखा पिवळा पडला होता. कप्तानांनी उपाय सांगून ठेवला होता. ऊन येणाऱ्या काचेला चिकटवून ठेवायचा, ऊन पिवळेपण खातं. ह्यांच्या खिडकीला चिकटवला. दुपारी निशाणांच्या सावल्या ह्यांच्या पांघरुणावर पडत असतील. लॅबमध्ये बसून मी तेच बघत होते.

आता अर्धवट काही करायचं नाही. महिन्याअखेरीस आठ दिवस रजा टाकली आहे. दोघं बसून बांधू.

२४ मार्च

रजेचा पहिला दिवस. टेबल खुर्चीपाशी ओढलं, तुकडे मांडले, सोपे ह्यांच्या बाजूला. हे नुसते बघत राहिले. मी रंगांच्या बाटल्या उघडल्या, ह्यांनी उजवा हात पांघरुणाखाली सरकवला.

२६ मार्च

पालथ्या घड्यावर पाणी. मी गोष्टी सांगते, गुणगुणते, चुकीचा तुकडा मुद्दाम उचलते. हे माझ्याकडे बघतात, इतके केविलवाणे की मलाच नजर खाली घ्यावी लागते. सांगाडा मीच जोडला. तोही नीट बसला नाही. छोटीच्या वेळी माझा हात कुठे होता आणि आता कुठे गेला?

२८ मार्च

आज चुकले मी. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

चिमटा ह्यांच्या उजव्या हातात दिला, बोटं मिटवली आणि म्हटलं, "धरा. एप्रिल आला, कळतंय का तुम्हाला? धरा!" चिमटा पडला. मी पुन्हा दिला, तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हणाले, "असू दे." ह्या वेळी त्याचा अर्थ एकच होता, नको.

न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. ज्यासाठी गावभर हिंडले ती वस्तू घरात आहे, आणि हे होते तिथून आणखी दूर गेलेत.

३० मार्च

सगळं आवरून ठेवायला काढलं. मोठीचे तुकडे परत खोक्यात भरले. निदान छोटी तरी कपाटात नीट ठेवावी म्हणून पुसायला घेतली आणि दिव्याखाली धरली. पहिलं धुरांडं. उलट्या कललेल्या रेघा.

मग दुसरं धुरांडं. डोलकाठीचं बूड. मनोऱ्यांच्या कडा. जिथे जिथे काम सुंदर होतं तिथे तिथे रेघा उलट्या. जिथे रेघा माझ्या होत्या तिथे काम बरं होतं, इतकंच.

एकेक आठवत गेलं. डावीकडे वळलेला दिवा. डावा खण. गोंदाचा वास जावा म्हणून उघडलेली खिडकी. मलम लावत होते मी त्या अंगठ्याला, आणि तो गोंद होता. आक्का एकला जातात, मी साडेपाचला येते. साडेचार तास. काठी टेकत चार पावलं यायचं, मुडपलेल्या उजव्या हाताने जहाज दाबून धरायचं आणि डाव्याने काम करायचं. कितीदा पडलं असेल, कितीदा पुन्हा उचललं असेल. कुणी बघायला नव्हतं म्हणून उचलता आलं असेल.

ज्या हाताकडे सगळं खातं बघत राहायचं, तो हात लुळा पडलेला बायकोने तरी का बघावा? आणि मी आठ दिवस रजा काढून समोर भिंतीसारखी बसले. कवळी कोणी घासली ते सांगणारी मी! काखेत कळसा, आक्का, तुमचं खरं आहे.

मोठीचे तुकडे पुन्हा टेबलावर मांडले. 

३१ मार्च

सकाळी ह्यांना म्हटलं, "लॅबमध्ये फार काम पडलंय, रजा मोडून बोलावलंय. संध्याकाळी येते." खोटं. डबा घेतला, डायरी घेतली, आणि आता आमच्या घरासमोरच्या बागेतल्या बाकावर बसून लिहिते आहे. इथून आमची खिडकी दिसते. काचेवर तो कागद आहे, उन्हाने बराच उजळलेला. आक्का जाऊन वीस मिनिटं झाली. त्यांना मी दिसू नये म्हणून झाडामागे लपले, ह्या वयात.

खिडकी आत्ता उघडली. डाव्या हाताने ढकलली.

साडेपाचपर्यंत घरी जायचं नाही. माळ्याने पाणी घातल्याने बाक ओला आहे, साडी भिजली. असू दे.

५ एप्रिल

रजा संपून मी खरोखर लॅबला जाते. सकाळी मी एखादा तुकडा बसवते, साधारणच, आणि निघते. संध्याकाळी येऊन मोठ्याने स्वतःचं कौतुक करते. "बघा हो, सकाळी तोफांचा मनोरा कसा झकास जमलाय मला." हे खिडकीबाहेर बघतात. काल ओठांचा डावा कोपरा हलल्यासारखा वाटला. पहिलं धुरांडं बसलं, दुसरंही.

कप्तानांकडे जाऊन सांगून आले की तुमचं बरोबर होतं, दोघांनी केलं. त्यांनी कुलपातून डोळा न काढता मान हलवली.

११ एप्रिल

व्यायामाच्या बाईंनी सांगितलेले सहा महिने आज भरले. त्यांनी बोटं बघितली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि "चालू ठेवा" म्हणाल्या. चांगलं की वाईट ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

रविवार असल्यामुळे मी घरीच होते. दिवसभर तिसरं धुरांडं टेबलावर एकटं उभं होतं. दोघंही त्याच्याकडे बघत नव्हतो. चार वाजता मला राहवलं नाही. गोंद न लावता नुसतं जागेवर टेकवलं आणि म्हटलं, "ठीक दिसतंय ना?" उत्तर काय येणार ते ठाऊक होतं.

ह्यांनी एक डोळा मिटला. नकाशा पुरा झाला की तो लांब धरून बघायचे तसं बघितलं. मग म्हणाले, "वाकडं."

मला वाटलं मला भास झाला. "काय म्हणालात?"

"वाकडं आहे," हे म्हणाले. जीभ अडखळत होती, पण कपाळावर तीच जुनी आठी. कनिष्ठांनी हद्द चुकीची काढली की पडायची ती. डावा हात चिमट्यासाठी पुढे आला. आणि पांघरुणाखालून उजवा निघाला, सावकाश, आणि जहाजाच्या कुशीला टेकला, ते हलू नये म्हणून.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण त्या ह्यांना दिसायला नकोत. "मी चहा टाकते," म्हटलं, स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. चहाला एरवी मला पाच मिनिटं लागतात. आज मी पाऊण तास लावला.